यूकेमध्ये शिकताय आणि दाढ दुखतेय? पैसे भरावे लागतात का – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर सप्टेंबरला नवीन बॅच उतरली की व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हे प्रश्न सुरू होतात आणि उत्तरं देणारे दहा जण दहा प्रकारची उत्तरं देतात. कोणी म्हणतं सगळं फ्री आहे टेन्शन नको, कोणी म्हणतं लाखभर रुपये जातील, सरळ इंडियाचं तिकीट काढ. म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतोय. आकडे इंग्लंडचे आहेत, एप्रिल २०२५ पासून लागू झालेले. दर साधारण एप्रिलमध्येच बदलतात, तेव्हा वाचताना एनएचएसच्या (इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या) साइटवर एकदा नजर टाका. स्कॉटलंडवाल्यांनी मात्र थेट खाली उडी मारा, तुमची मजा आहे.

विद्यार्थी असलं की दातांची ट्रीटमेंट फुकट, हे खरं का?

अर्धं खरं, आणि जे अर्धं खरं आहे ते आपल्यातल्या बहुतेकांना लागूच होत नाही. इंग्लंडमध्ये वय १८ च्या आत असेल तर फुकट, शिकत असा नाहीतर नसा. १८ पूर्ण आहेत, १९ व्हायचेत आणि फुल टाइम शिक्षण चालू आहे, तरी फुकट. एकोणिसावा वाढदिवस झाला की ही सवलत संपली, मग तुम्ही बॅचलर्स करा, मास्टर्स करा की पीएचडी करा, नुसतं विद्यार्थी आहे म्हणून एक पेनी कमी होत नाही. बारावीनंतर थेट बॅचलर्सला आलेल्यांना पहिले काही महिने याचा फायदा मिळतो. मास्टर्सला येणारी आपली पोरं-पोरी बावीस-तेवीसच्या पुढचीच असतात, त्यामुळे त्यांना वयाचा काही उपयोग नाही. त्यांच्यासाठी दुसरा रस्ता आहे, एचसी-१ फॉर्मचा, आणि तोच कोणी धड सांगत नाही. त्यावर खाली सविस्तर लिहिलंय.

माझा एकोणिसावा वाढदिवस पुढच्या आठवड्यात आहे आणि फिलिंग अजून व्हायचंय, मग?

ट्रीटमेंट सुरू होताना तुमचं वय काय होतं ते बघतात. तपासणी होऊन कोर्स ऑफ ट्रीटमेंट (म्हणजे तपासणीपासून शेवटच्या अपॉइंटमेंटपर्यंतचं सगळं काम) वाढदिवसाच्या आधी सुरू झाला असेल तर पुढची अपॉइंटमेंट वाढदिवसानंतर पडली म्हणून पैसे लागत नाहीत. तेव्हा "परीक्षा झाल्यावर बघू" असं करू नका, आत्ताच फोन लावा.

अहो पण व्हिसाच्या वेळी एवढा हेल्थ सरचार्ज भरलाय ना आम्ही!

हा राग मला समजतो. विद्यार्थ्यांसाठी सरचार्ज वर्षाला ७७६ पौंड, फेब्रुवारी २०२४ च्या आधी ४७० होता. एका वर्षाच्या मास्टर्सला व्हिसा कोर्सपेक्षा काही महिने जास्त मिळतो त्यामुळे बहुतेकांचे १,१६४ पौंड जातात, म्हणजे आपले सव्वा लाखाच्या वर, तेही इथे पाय ठेवायच्या आधी. पण त्या पैशात मिळतं काय तर इथल्या माणसाला एनएचएसमध्ये जे मिळतं ते. आणि इथल्या माणसालाही दातांचे, चष्म्याचे आणि इंग्लंडमध्ये औषधांच्या चिठ्ठीचे पैसे भरावे लागतात. जीपीकडे (फॅमिली डॉक्टरकडे) जाणं फुकट, हॉस्पिटलात ऑपरेशन झालं तरी फुकट, दात मात्र वेगळे.

हे असं का, तर गोष्ट जुनी आहे. ५ जुलै १९४८ ला एनएचएस सुरू झाली तेव्हा दातपण फुकट होते. लोकांनी वर्षानुवर्षं किडके दात सांभाळलेले, कवळ्यांसाठी ही रांग लागली, खर्च अंदाजाच्या कुठल्या कुठे गेला. १९५१ मध्ये सरकारने कवळ्या आणि चष्म्यांवर पैसे लावायचं ठरवलं तेव्हा ज्याने एनएचएस उभी केली त्या अन्युरिन बेव्हनने मंत्रिपद सोडलं. पुढच्याच वर्षी ट्रीटमेंटवरही एक पौंड लागला आणि तेव्हापासून दातांचं बिल कायम आहे.

मग नेमके किती पैसे?

इंग्लंडमध्ये तीन बँड (दराचे टप्पे) आहेत, ही पद्धत २००६ पासूनची. एप्रिल २०२५ चे दर असे होते. बँड एक २७.४० पौंड, त्यात तपासणी, एक्स-रे, सल्ला, आणि गरज आहे असं डेंटिस्टला वाटलं तर क्लीनिंग. बँड दोन ७५.३० पौंड, यात फिलिंग, रूट कॅनाल, दात काढणं सगळं आलं. बँड तीन ३२६.७० पौंड, म्हणजे कॅप, ब्रिज, कवळी. अचानक दुखायला लागलं म्हणून अर्जंट गेलात तर २७.४०.

पौंड ११०-१२० रुपये धरला तर बँड दोन साधारण आठ-नऊ हजाराला पडतो. ऐकायला जास्त वाटतं, पण रूट कॅनालसुद्धा त्याच ७५ पौंडांत आहे हे लक्षात घ्या. तेच प्रायव्हेटमध्ये केलं तर कित्येक शे पौंड सहज जातात. त्यामुळे "एनएचएसला पैसे लागतातच ना, मग प्रायव्हेटलाच जाऊ" हा हिशोब अजिबात जमत नाही.

तीन दात किडलेत, म्हणजे तीनदा ७५?

नाही नाही. एका कोर्स ऑफ ट्रीटमेंटचं एकच बिल, आणि तेही त्यातल्या सगळ्यात वरच्या बँडचं. तीन फिलिंग, एक रूट कॅनाल, एक्स-रे, सगळं मिळून ७५.३० एकदाच. बँड एकचे २७.४० त्यात वेगळे धरत नाहीत. आणखी एक, ट्रीटमेंट संपल्यावर दोन महिन्यांच्या आत त्याच प्रॅक्टिसमध्ये त्याच किंवा खालच्या बँडचं काही करावं लागलं तर पुन्हा पैसे नाहीत. फिलिंग, रूट कॅनाल, कॅप यांना बारा महिन्यांची हमी असते. फिलिंग सहा महिन्यांत पडलं तर त्याच डेंटिस्टकडे जा आणि न लाजता सांगा.

बँड दोन किंवा तीनचं काम असेल, किंवा काही एनएचएस आणि काही प्रायव्हेट असं मिक्स असेल, तर लेखी ट्रीटमेंट प्लॅन मिळायला पाहिजे, किमतीसकट. तो न बघता खुर्चीत आडवे होऊ नका. मागच्या दाढेला पांढरं फिलिंग नुसतं दिसण्यासाठी हवं असेल तर ते प्रायव्हेट धरतात, तिथे बिल फुगतं.

एचसी-१, एचसी-२ हे काय प्रकरण आहे?

हे नीट वाचा. एनएचएसची एक लो इन्कम स्कीम आहे. ज्यांचं उत्पन्न कमी आहे त्यांनी एचसी-१ नावाचा फॉर्म भरायचा, ऑनलाइन किंवा कागदावर. तुमचं उत्पन्न, बचत, घरभाडं बघून ते ठरवतात. पूर्ण मदत मंजूर झाली तर एचसी-२ सर्टिफिकेट येतं, म्हणजे एनएचएसची दातांची ट्रीटमेंट फुकट, चिठ्ठीवरची औषधं फुकट (नाहीतर इंग्लंडमध्ये एका औषधाला ९.९० पौंड), डोळे तपासणी फुकट, चष्म्याला व्हाउचर, आणि ट्रीटमेंटसाठी हॉस्पिटलला पाठवलं तर जाण्यायेण्याचा खर्चपण मिळू शकतो. थोडीच मदत मंजूर झाली तर एचसी-३ येतं, त्यावर तुम्ही जास्तीत जास्त किती भरायचं तो आकडा असतो.

यात वयाची अट नाही. इंटरनॅशनल विद्यार्थीही भरू शकतो. अट आहे ती बचतीची, नावावर १६,००० पौंडांपेक्षा जास्त असतील तर मिळत नाही. मास्टर्सच्या मुलाची परिस्थिती बघा ना: फी भरून झालेली, आठवड्याला वीस तासांचं काम मिळालं तर मिळालं, पगारातला मोठा वाटा रूमच्या भाड्याला, खात्यात जेमतेम महिनाभराचे पैसे. अशांसाठीच ती स्कीम आहे. तरी लोक ७५ पौंड भरून मोकळे होतात कारण फॉर्म मोठा आहे. हो, आहे मोठा. पण एक संध्याकाळ लागते, चहा करून बसा आणि भरून टाका.

फॉर्म भरायच्या आधी बँक स्टेटमेंट, भाड्याचा करार, पगाराच्या स्लिपा, युनिव्हर्सिटीचं पत्र जवळ ठेवा. घरून आईबाबा दरमहा पैसे पाठवत असतील तर ते लिहायचं, लपवायचं नाही. बाबांच्या नावावरची पुण्यातली एफडी मात्र तुमची बचत नव्हे. नवराबायको दोघं असाल तर दोघांचं उत्पन्न आणि बचत एकत्र धरतात. उत्तर यायला काही आठवडे लागतात म्हणून दात दुखायला लागल्यावर भरण्यापेक्षा इथे आल्यावर बँक खातं उघडलं, जीपीकडे नाव घातलं की त्याच ओघात हेही उरकून टाका. सर्टिफिकेट ठरावीक मुदतीचं असतं, तारीख बघून ठेवा, संपत आलं की पुन्हा भरायचं.

हा फॉर्म भरला तर व्हिसाला काही होईल का? "नो पब्लिक फंड्स" लिहिलंय माझ्या व्हिसावर

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि या भीतीनेच लोक फॉर्म भरत नाहीत. पब्लिक फंड्स म्हणजे युनिव्हर्सल क्रेडिट, हाउसिंग बेनिफिट वगैरे सरकारी भत्ते, त्यांची यादी इमिग्रेशनच्या नियमांत दिलेली आहे. एनएचएसची ट्रीटमेंट त्या यादीत नाही आणि ही लो इन्कम स्कीमपण त्यात मोडत नाही. युनिव्हर्सल क्रेडिटसाठी अर्ज करू नका, ते तुम्हाला चालत नाही. एचसी-१ बिनधास्त भरा. मनात शंका राहिलीच तर युनिव्हर्सिटीच्या इंटरनॅशनल स्टुडंट ऑफिसमध्ये विचारा, त्यांना हे रोजचं आहे.

रिसेप्शनवर फॉर्म दिला त्यात "फुल टाइम शिक्षणात" असा चौकोन होता, मी टिक केलं. बरोबर ना?

तुम्ही १८ चे असाल तर बरोबर. २३ चे असाल तर चूक, आणि ती महागात पडते. त्या यादीत एकाखाली एक कारणं असतात, १८ च्या आत, १८ आणि फुल टाइम शिक्षण, प्रेग्नंट, एचसी-२ वगैरे. घाईत "शिक्षण" शब्द दिसला की आपण टिक मारतो आणि आधीचा आकडा वाचतच नाही. रिसेप्शनवाली बाई तुम्हाला अडवेलच असं नाही, टिक केलं ते ती पुढे पाठवते, आणि तपासणी नंतर होते. मग काही महिन्यांनी घरी पत्र येतं: मूळ बिल भरा, वर दंड भरा, दंड १०० पौंडांपर्यंत, आणि २८ दिवसांत भरला नाही तर आणखी ५० वाढतात. एचसी-१ पाठवलंय पण सर्टिफिकेट अजून आलं नाही अशा वेळीपण टिक करायचं नाही. पैसे भरा, पावती घ्या, आणि पुढचा प्रश्न वाचा.

पैसे भरून बसलो, आता कळलं मला मदत मिळाली असती. गेले का पैसे?

तीन महिन्यांच्या आत असाल तर नाही गेले. एचसी-५ नावाचा रिफंडचा फॉर्म असतो, दातांसाठी वेगळा आहे, तो पावतीसोबत पाठवायचा. पैसे भरले त्या तारखेपासून तीन महिने मोजतात. एचसी-२ अजून नसेल तर एचसी-१ पण सोबत द्यायचा. पावतीवर एनएचएस चार्ज असं लिहिलेलं हवं, नुसती कार्डची स्लिप चालेल या भरवशावर राहू नका. प्रायव्हेटमध्ये केलेल्या कामाचे पैसे या रस्त्याने परत मिळत नाहीत.

मी एडिनबरा / ग्लासगोला आहे, मलाही हेच लागू का?

नाही, तुम्ही नशीबवान. स्कॉटलंडमध्ये ऑगस्ट २०२१ पासून २६ वर्षांच्या आतल्या सगळ्यांना एनएचएसची दातांची ट्रीटमेंट फुकट आहे, शिकत असा की नसा. म्हणजे २३ व्या वर्षी मास्टर्सला गेलेला मुलगा मँचेस्टरला ७५ पौंड भरतो आणि ग्लासगोला शून्य, सरचार्ज दोघांनी सारखाच भरलाय. २६ च्या पुढे तपासणी फुकट, आणि ट्रीटमेंटच्या खर्चाचे ८० टक्के तुम्ही द्यायचे, तेही एका कोर्सला जास्तीत जास्त ३८४ पौंड. २६ वा वाढदिवस जवळ आला असेल तर काय करायचं ते वेगळं सांगायला नको.

नॉर्दर्न आयर्लंडला १८ च्या आत किंवा १८ आणि फुल टाइम शिक्षण असाच नियम, बाकीच्यांना ८० टक्के. वेल्सचे दर इंग्लंडपेक्षा वेगळे आहेत, कार्डिफ-स्वान्सीवाल्यांनी तिथल्या एनएचएसच्या साइटवर बघा. तिथे औषधांच्या चिठ्ठीला मात्र २००७ पासून कोणालाच पैसे लागत नाहीत.

एनएचएस डेंटिस्ट मिळतच नाहीये! आठ ठिकाणी फोन केले, सगळे म्हणतात नवीन पेशंट घेत नाही

हो, खरी अडचण ही आहे. जीपीकडे नाव घातलं म्हणजे डेंटिस्ट मिळाला असं नसतं, दोन्ही वेगळं. पण डेंटिस्टला जीपीसारखी एरियाची अट नाही, त्यामुळे युनिव्हर्सिटीजवळचे सगळे भरलेले असले तरी बसने अर्ध्या तासावरच्या गावात जागा असू शकते. एनएचएसच्या साइटवरचं "फाइंड अ डेंटिस्ट" बघा, पण ते नेहमी अपडेट नसतं, फोन करूनच विचारा. वेटिंग लिस्ट असेल तर दोन-तीन ठिकाणी नाव घाला.

फोनवर पहिलं वाक्य हे असू द्या: "एनएचएस पेशंट म्हणून घेता का?" नुसतं "अपॉइंटमेंट हवीय" म्हटलं तर प्रायव्हेटची मिळते, उद्याचीच मिळते, आणि बिल बघून डोळे पांढरे होतात.

दुखणं सहन होत नसेल तर १११ ला फोन करा, ते अर्जंट डेंटल स्लॉट शोधून देतात. तोंड किंवा मान सुजली, डोळ्यापर्यंत सूज चढली, श्वास घ्यायला किंवा गिळायला त्रास व्हायला लागला तर १११ वर वेळ घालवू नका, सरळ ए अँड ई (हॉस्पिटलचा इमर्जन्सी विभाग).

अक्कलदाढ दुखतेय, काढायला लागेल का? किती पैसे?

अक्कलदाढ येते १७ ते २५ च्या दरम्यान, म्हणजे बरोब्बर याच वयात, घरापासून लांब असताना. दाढ अर्धी वर येते, वर हिरडीची एक झापड राहते, तिच्याखाली अन्न अडकतं आणि मग हिरडी सुजते, तोंड पूर्ण उघडत नाही. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या हा आजीचा उपाय इथले डेंटिस्टही सांगतात. इंडियातून आणलेलं अँटिबायोटिक स्वतःच्या मनाने सुरू करू नका.

इथे एक फरक लक्षात ठेवा. आपल्याकडे एक्स-रेत आडवी दाढ दिसली की पुष्कळदा "काढून टाकू" म्हणतात. इथे २००० पासून नाइसची (कुठले उपचार करावेत ते सांगणाऱ्या सरकारी संस्थेची) गाइडलाइन आहे की त्रास नसलेली अक्कलदाढ उगाच काढायची नाही. वारंवार सूज येत असेल, कीड असेल तरच काढतात. साध्या प्रॅक्टिसमध्ये काढली तर बँड दोन, ७५.३०. अवघड असेल आणि एनएचएस हॉस्पिटलच्या विभागात पाठवलं तर तिथे काढायला पैसे लागत नाहीत, पण वेटिंग लांबलचक असतं.

डेंटल कॉलेजात फुकट करतात म्हणे?

करतात. मुंबईला नायर डेंटल किंवा नागपूरच्या गव्हर्नमेंट डेंटल कॉलेजात जसं शिकाऊ डॉक्टर सरांच्या देखरेखीखाली काम करतात तसंच. लंडनला गाइज, शिवाय मँचेस्टर, लीड्स, बर्मिंगहॅम, शेफील्ड, न्यूकॅसल इथे डेंटल स्कूल आहेत. विद्यार्थी करतात त्या ट्रीटमेंटला साधारणपणे पैसे घेत नाहीत. पण त्यांना शिकवायला जशी केस हवी तशी तुमची असली तरच घेतात, आणि एका फिलिंगला दोन-तीन तास बसायची तयारी ठेवा. वेळ असेल तर मस्त पर्याय आहे.

बायको डिपेंडंट व्हिसावर आहे आणि प्रेग्नंट आहे, तिला पैसे लागतील?

नाही. प्रेग्नंट असताना आणि बाळ झाल्यावर बारा महिने एनएचएसची दातांची ट्रीटमेंट फुकट. मिडवाइफकडून मॅटर्निटी एक्झेम्प्शन सर्टिफिकेट मागून घ्या, औषधंही फुकट होतात. या काळात हिरड्यांतून रक्त येणं नेहमीचंच, तपासणी टाळू नका.

ब्रेसेस? व्हाइटनिंग?

मोठ्यांना ब्रेसेस एनएचएसवर क्वचितच मिळतात. व्हाइटनिंग नाही.

अपॉइंटमेंट चुकली, दंड लागेल का?

एनएचएस अपॉइंटमेंट चुकल्याचे पैसे मागता येत नाहीत. पण ते तुम्हाला यादीतून काढू शकतात, आणि एवढ्या मुश्किलीने मिळालेला डेंटिस्ट घालवणं हे दंडापेक्षा वाईट. प्रायव्हेटवाले मात्र पैसे लावतात.

त्यापेक्षा सुट्टीत इंडियाला जाऊन करून आलेलं काय वाईट?

काहीच वाईट नाही, जाणारच असाल तर. नुसत्या दातासाठी तिकीट काढणं वेडेपणा आहे, ७५ पौंडांसाठी सहाशे घालवण्यासारखं. खरा शहाणपणा निघायच्या आधी: व्हिसाची कागदपत्रं गोळा करताना एकदा घराजवळच्या डेंटिस्टकडे जा, ओपीजी (सगळ्या दातांचा एकत्र) एक्स-रे काढा, फिलिंग-क्लीनिंग उरकून घ्या, आणि एक्स-रेची फाइल मेलवर ठेवा. रूट कॅनाल अर्धवट ठेवून, तात्पुरतं फिलिंग करून विमानात बसू नका, इथे ते कोणी पटकन हातात घेत नाही.

कोर्स संपला, आता ग्रॅज्युएट व्हिसावर आहे. जुनं एचसी-२ चालतं का?

त्यावर तारीख आहे तोपर्यंत चालतं. मुदत संपली की नव्या परिस्थितीवर पुन्हा एचसी-१ भरायचा. नोकरी शोधत असाल आणि उत्पन्न कमी असेल तर पुन्हा मिळू शकतं, विद्यार्थी असायची अट नाहीच. फुल टाइम नोकरी लागली असेल तर बहुतेक मिळणार नाही, मग बँडप्रमाणे भरा. आणि घर बदललं असेल तर पत्ता कळवा, दंडाचं पत्र जुन्या घरी पडून राहिलं तरी २८ दिवस मोजले जातातच.